न दिसणारा स्विच

आमच्या घरी जिन्याखालच्या ज्या कोनाड्यात पूर्वी पाण्याचा हंडा असे, तेथे गेल्या वर्षापासून एक जुना संगणक ठेवलेला आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. मागच्या बाजूस विजेची एक आणि जाळ्याची एक अशा दोन तारा तेवढ्या दिसतात. येणारेजाणारे "हे काय?" असे विचारतात, तेव्हा आमची पुतणी गंभीरपणे सांगते, "ही माझी प्रयोगशाळा." आणि "हिच्यात आहे तरी काय?" असे कोणी पुढे विचारलेच, तर "चार सर्व्हर, एक पहारेकरी आणि तीन स्विच," असे उत्तर मिळते. पाहुणे पेटीकडे पुन्हा एकवार पाहतात आणि चहाकडे वळतात. पेटी एक, जाळ्याची तार एक. मग हे तीन स्विच आहेत कोठे? वाचकांपैकी ज्यांच्या घरी संगणकाच्या शिक्षणात असलेली मुले आहेत, त्यांना तरी या प्रश्नाचे उत्तर जाणून घ्यावेसे वाटेल, अशा समजुतीने हा लेख लिहीत आहोत.

प्रयोगशाळेची गरज कशी उत्पन्न झाली, हे प्रथम सांगितले पाहिजे. पुतणीने संगणकशास्त्राची पदवी बऱ्या गुणांनी मिळविली आणि जाळ्यांच्या देखभालीचे काम करणाऱ्या एका कंपनीत ती मुलाखतीस गेली. पुस्तकातील प्रश्नांची उत्तरे तिने व्यवस्थित दिली. शेवटी एका गृहस्थांनी विचारले, "स्वतःच्या हाताने तुम्ही एखादा स्विच कधी जुळविला आहे का?" महाविद्यालयात स्विच होता, परंतु तो कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होते. तिने खरे ते सांगितले. मुलाखत तेथेच संपली. घरी आल्यावर दोन दिवस ती फारसे बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्यापाशी येऊन म्हणाली, "काका, तुम्ही तर आयुष्यभर स्विचमध्येच वावरलात. मला शिकवाल का?"

आम्ही दूरध्वनी खात्यात नोकरी केली, हे खरे. परंतु आमचा स्विच निराळा होता. आमच्या उमेदवारीच्या काळी लहान गावांच्या एक्स्चेंजमध्ये फळ्यासमोर माणसे बसत. एखाद्याने यंत्राची मूठ फिरविली की फळ्यावरची खूण पडे, ऑपरेटर दोरी उचलून त्या भोकात घाली, "नंबर?" असे विचारी, आणि दोरीचे दुसरे टोक हव्या त्या भोकात घालून दोघांची गाठ घालून देई. कोणाला कोणाशी जोडावयाचे, हे ठरविणारी वस्तू ती दोरी नसून दोरी धरणारी व्यक्ती होती. अमेरिकेतील आल्मन स्ट्रोजर या गृहस्थाला हे चांगलेच उमगले होते. अंत्यविधीची व्यवस्था करणे हा त्याचा व्यवसाय. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय आला, आणि तेवढ्यावरून त्याने माणसाविना जोडणी करणारे यंत्र शोधून काढले, असे सांगतात. त्या यंत्राचे पेटंट त्याला १८९१ मध्ये मिळाले, आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी तसले पहिले एक्स्चेंज सुरू झाले. स्ट्रोजरच्या पद्धतीची खडखडणारी यंत्रे पुढे आपल्याकडेही अनेक दशके चालली. त्यांचा आवाज अद्याप आमच्या कानांत आहे.

संगणकांच्या जाळ्यातील स्विच हा या यंत्रांचा सख्खा नसला तरी चुलत वारस म्हणता येईल. १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सर्व यंत्रे एकाच जाड तारेला लागलेली असत. एकाने काही धाडले की ते सर्वांना ऐकू येई. ज्याचे असेल त्याने घ्यावे, इतरांनी सोडून द्यावे. आमच्या इंदुरातील जुन्या वाड्यांत चौकात उभे राहून एखाद्या बिऱ्हाडाच्या नावाने हाक मारावी आणि ती सगळ्या बिऱ्हाडांनी ऐकावी, तसा तो प्रकार होता. बिऱ्हाडे वाढली की कलकलाट वाढतो. त्यावर उपाय म्हणून तारेचे तुकडे करून मध्ये एक जाणता मध्यस्थ बसविण्यात आला. त्याला ब्रिज, म्हणजे सेतू, असे नाव पडले. अनेक दारे असलेला असा वेगवान सेतू कॅलिफोर्नियातील एका कंपनीने १९९० च्या सुमारास प्रथम बाजारात आणला. त्याला सात दारे होती. कंपनीचे नाव 'कल्पना' असे होते. तिच्या संस्थापकांपैकी एक, विनोद भारद्वाज, यांनी आपल्या पत्नीचे नाव कंपनीला दिले होते. १९९४ मध्ये ती सिस्को या मोठ्या कंपनीने विकत घेतली. स्विच हा शब्द मात्र तेव्हापासून जाळ्यांच्या भाषेत कायमचा रुजला.

हा मध्यस्थ करतो तरी काय? त्याच्यापाशी एक वही असते, एवढे ध्यानात घेतले की पुरे. जाळ्यात लागणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. यंत्राने धाडलेल्या प्रत्येक पाकिटावर धाडणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते लिहिलेले असतात. पाकीट ज्या दारातून आत आले, त्या दाराचा क्रमांक आणि धाडणाऱ्याचा पत्ता स्विच वहीत टिपून ठेवतो. मग घेणाऱ्याचा पत्ता वहीत शोधतो. सापडला तर पाकीट नेमक्या त्याच दाराने बाहेर पडते. न सापडला तर आले ते दार सोडून बाकी सर्व दारांनी धाडले जाते, कारण कोणत्या तरी दारामागे तो मनुष्य असणारच. बराच वेळ, सर्वसाधारणपणे ३०० सेकंद, एखादा पत्ता पुन्हा दिसला नाही तर त्याची नोंद खोडली जाते. सारी विद्या ती एवढीच. टिपणे, शोधणे, धाडणे, खोडणे.

हे पुतणीला समजावून सांगत असता आमच्याच ध्यानात एक गोष्ट आली. ज्याला आपण स्विच म्हणतो तो पत्र्याच्या पेटीत नाही, वहीत आहे. पेटी, दारे, लुकलुकणारे दिवे, ही वहीची सोय. वही जर संगणकाच्या स्मृतीत ठेवता आली, तर पेटीवाचून स्विच व्हावयास हरकत कोणती? पुतणी हसली. "काका, तसे झालेले आहे. त्यालाच आभासी स्विच म्हणतात," ती म्हणाली. इतका वेळ शिकविणारे आम्ही, तेथून पुढे शिकणारे झालो.

एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक असल्याचा भास उत्पन्न करण्याची युक्ती जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या यंत्रांसाठी ती बाजारात आणली होती. सामान्य संगणकांवर ती १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने रूढ केली. २००७ मध्ये लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यातच तिची सोय झाली. वाड्याच्या भाषेत सांगावयाचे तर वाडा एक, मालक एक, परंतु आत बिऱ्हाडे अनेक. प्रत्येक बिऱ्हाडाला आपले घर स्वतंत्र वाटते. बिऱ्हाडांनी एकमेकांशी आणि रस्त्याशी बोलावयाचे तर मध्ये चौक हवा. आभासी स्विच हा तो चौक, आणि संगणकाच्या मागे असलेले जाळ्याचे खरेखुरे दार ही त्या वाड्याची दिंडी. एका बिऱ्हाडाने दुसऱ्याला धाडलेले पाकीट चौकातूनच परत फिरते. ते तारेवर जातच नाही, स्मृतीच्या एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात तेवढे जाते. बिऱ्हाडाच्या आभासी कार्डालाही ४८ बिटांचा पत्ता असतोच. तो कारखान्यात मिळालेला नसून जागच्या जागी दिलेला आहे, हे दर्शविण्यासाठी पत्त्यात एक बिट राखून ठेवलेला आहे.

पहिला प्रयोग पुतणीने स्वतःच्या लॅपटॉपवर केला आणि तो फसला. लॅपटॉप घरातील वाय-फायला लागलेला होता. तिने आत एक बिऱ्हाड थाटले, चौक आखला, आणि त्याची दिंडी म्हणून वाय-फायचे कार्ड नेमले. बिऱ्हाडाचा एक शब्दही बाहेर पोहोचेना. तिने दोन रात्री जागून सर्व आकडे तपासले. सगळे बरोबर होते. कारण पुढे सापडले. वाय-फायवर लॅपटॉप जे पाकीट धाडतो, त्यावर धाडणारा म्हणून त्याच्या स्वतःच्या कार्डाचाच पत्ता असावा लागतो. 'मी दुसऱ्याचे पाकीट पुढे धाडीत आहे' असे लिहावयास त्या पाकिटावर सामान्यतः जागाच नसते. घरातील वाय-फायचे यंत्रही ज्यांनी आपल्यापाशी नाव नोंदविले आहे, त्यांचेच बोलणे ऐकते. बिऱ्हाडाचा पत्ता त्याच्या ओळखीचा नव्हता. नव्याने या वाटेला जाणाऱ्या बहुतेकांची पहिली ठेच येथेच लागते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद करीत आहोत. चौकाला दिंडी हवी असेल, तर ती तारेची असावी.

तेव्हा कचेरीतून मोडीत निघालेला एक संगणक आम्ही विकत घेतला. १६ गिगाबाइट स्मृती आणि मागे तारेचे एक दार, एवढीच त्याची पात्रता. त्यावर पुतणीने प्रॉक्समॉक्स नावाची प्रणाली बसविली. ती व्हिएन्ना येथील एका कंपनीने २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. ती मुक्त असून विनामूल्य वापरता येते. बसवितानाच ती एक चौक आपण होऊन आखते, तारेचे दार त्या चौकाला जोडते, आणि यंत्राचा आयपी पत्ता दाराला न देता चौकाला देते. हा भेद क्षुल्लक वाटला तरी महत्त्वाचा आहे. दार हे आता केवळ येण्याजाण्याचा मार्ग झाले. मालक राहतो तो चौकात, आणि त्याला भेटावयाचे तर तेथेच. पहिल्याच दिवशी दोन बिऱ्हाडे चौकातून एकमेकांशी बोलू लागली, तेव्हा पुतणीच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो पदवीच्या निकालाच्या दिवशीही आम्ही पाहिला नव्हता.

यानंतर मात्र आमच्या हातून लागोपाठ दोन चुका झाल्या. दुसरी इतकी महाग पडली की प्रयोगशाळा बंद होण्याची वेळ आली.

पुतणीने यंत्रात तारेचे दुसरे कार्ड बसविले. यंत्र पुन्हा सुरू केले, तो ते जाळ्यावरून नाहीसे झाले. नवे कार्ड आले की आतील खाचांचे क्रमांक कधी कधी बदलतात, आणि लिनक्स जुन्या कार्डाचे नाव त्या क्रमांकावरूनच ठरविते. नाव बदलले, परंतु चौकाच्या नोंदीत जुनेच नाव राहिले. सबब चौकाला दिंडीच उरली नाही, आणि आत असलेल्या मालकाला बाहेरून हाक मारण्याचा मार्ग बुजला. शेवटी ते यंत्र दिवाणखान्यात आणून दूरदर्शन संचाला जोडावे लागले. ऐन मालिकेच्या वेळी पडद्यावर काळी पाटी आणि पांढरी अक्षरे आलेली पाहून आमच्या सौभाग्यवतींनी जे उद्गार काढले, ते येथे देत नाही. नोंदीतील एक नाव बदलताच सर्व पूर्ववत झाले. जाळ्यातून ज्या यंत्राकडे जातो, त्याच्याच जाळ्याला हात लावावयाचा असेल, तर पडदा आणि कळफलक आधी हाताशी ठेवावा, हा धडा मिळाला.

दुसऱ्या चुकीचा धनी एकटी पुतणी नव्हे, आम्हीही आहोत. दोन दारे झाली, तेव्हा दोन्ही एकाच चौकाला जोडली आणि दोन्हींच्या तारा घरच्या राउटरला लावल्या तर वेग दुप्पट होईल, आणि एक तार तुटली तरी दुसरी राहील, असे तिला वाटले. तिने आम्हांला विचारले. दूरध्वनीच्या जगात दोन मार्ग असणे केव्हाही चांगले, म्हणून आम्ही "लाव," असे म्हणालो. तार लावताच घरातील सारे जाळे ठप्प झाले. राउटरवरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले. आपल्याला पत्ता हवा, अमुक कोठे आहे, अशी सर्वांना उद्देशून धाडलेली पाकिटे जाळ्यात नेहमीच असतात. असे पाकीट एका तारेने चौकात आले, चौकाने ते दुसऱ्या तारेने राउटरकडे धाडले, राउटरने ते पहिल्या तारेने पुन्हा चौकात पाठविले. इथरनेटच्या पाकिटावर 'इतक्या फेऱ्यांनंतर नष्ट व्हावे' अशी खूण नसते. ते फिरतच राहते, आणि अशी पाकिटे वाढत जातात.

त्या वेळी वरच्या मजल्यावर आमच्या सूनबाई आपल्या कचेरीच्या बैठकीत होत्या. त्या घरून काम करतात. तीन आठवडे खपून केलेले काम वरिष्ठांपुढे मांडण्याचा तो दिवस होता, आणि त्यांचे बोलणे सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटे झाली होती. आम्हांला कारण उमगून तार उपटेपर्यंत अर्धा तास गेला. त्या खाली आल्या, यंत्राकडे पाहिले, आणि काही न बोलता पुन्हा वर गेल्या. रात्री पानावर बसल्यावर शांतपणे म्हणाल्या, "बाबा, हिने शिकावे असे मलाही वाटते. पण हिच्या शिकण्याची किंमत माझ्या नोकरीने का द्यावी?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुतणी ताटावरून उठली नाही, पण तिचा घासही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र बंद करून ठेवावयास निघालो, तेव्हा तिने आम्हांला थांबविले. "काका, आपण सगळे घराच्या चौकातच मांडले, ती चूक झाली. प्रयोगाला वेगळा चौक हवा." आणि मग तिने जे केले, ते या लेखातील सर्वांत उपयोगी भाग आहे असे आम्हांस वाटते.

चौक तीन प्रकारचे असू शकतात. पहिल्याला रस्त्याकडे दिंडी असते. त्यातील बिऱ्हाडे घरातील इतर यंत्रांच्या शेजारीच राहतात. दुसऱ्याला दिंडी नसते, परंतु वाड्याचा मालक त्यात येऊ शकतो. तिसऱ्यात मालकालाही प्रवेश नसतो. बिऱ्हाडे आपापसांत काय ती बोलतात. आभासी स्विच करताना त्याला खरे दार जोडले की पहिला प्रकार होतो. दार न जोडता केवळ यंत्राचा पत्ता दिला की दुसरा. दोन्ही न दिले की तिसरा. पुतणीने तिन्ही आखले. पहिल्यात तिने एकच बिऱ्हाड ठेवले, ते म्हणजे पहारेकरी. त्याला दोन आभासी कार्डे दिली, एक बाहेरच्या चौकात आणि एक आतल्या चौकात. बाकीचे सर्व्हर तिने आतल्या दोन चौकांत हलविले. आतून बाहेर जाणारे प्रत्येक पाकीट पहारेकऱ्याच्या हातून जाते, आणि तो त्यावर आतल्याऐवजी आपला आयपी पत्ता घालतो. सर्वांना उद्देशून मारलेली हाक तो पलीकडे जाऊ देत नाही. आतल्या चौकासाठी तिने १० ने सुरू होणारे आयपी पत्ते निवडले. घरचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात. हे दोन्ही गट घरगुती वापरासाठी राखून ठेवल्याचे १९९६ च्या नियमावलीत आहे. पत्ते वाटणारा सर्व्हरही तिने आतच ठेवला. तो बाहेरच्या चौकात असता, तर घरातील मोबाइलांनीही त्याच्याकडून पत्ते घेतले असते आणि नवाच घोटाळा झाला असता.

पुढे तिला आणखी एक मार्ग सापडला. एकाच चौकात रंगीत रेघा मारून अनेक चौक करता येतात. पाकिटावर ४ बाइटांची एक चिठ्ठी लावावयाची आणि तीत गटाचा क्रमांक लिहावयाचा. ज्या दाराला त्या गटाची मुभा असेल, त्याच दाराने ते पाकीट बाहेर पडावे. याला व्हीलॅन म्हणतात. त्याचे प्रमाण १९९८ मध्ये ठरले. क्रमांकासाठी १२ बिट आहेत, म्हणून वापरण्याजोगे गट ४०९४ होतात. साध्या बिऱ्हाडाला या चिठ्ठीचा पत्ताही लागत नाही. स्विच आत येताना ती लावतो आणि देताना काढून घेतो. पहारेकऱ्यासारख्या ज्याला सर्व गटांशी व्यवहार करावयाचा असतो, त्याला मात्र पाकिटे चिठ्ठीसकट दिली जातात, आणि अशा दाराला ट्रंक म्हणतात. आमच्या दूरध्वनीतला 'ट्रंक' शब्द इतक्या वर्षांनी असा अवचित भेटला, याचे आम्हांस फार कौतुक वाटले.

चौक वेगळे झाले. परंतु ते खरोखर वेगळे आहेत, हे सूनबाईंना कसे पटवावे? पुतणीने त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. आतल्या दोन चौकांमध्ये दोन आभासी तारा टाकून तीच चूक ती मुद्दाम पुन्हा करील. घराला धक्का लागला, तर यंत्र भंगारात. सूनबाईंनी क्षणभर विचार केला. "सोमवारी माझी नेहमीची छोटी बैठक असते. ती चालू असतानाच कर," त्या म्हणाल्या. सोमवारी आम्ही जिन्याखाली उभे राहिलो. पुतणीने दुसरी आभासी तार जोडली. काही क्षणांतच यंत्राचा पंखा घरघरू लागला. आत पाकिटांचे थैमान सुरू झाल्याचे ते लक्षण होते. वरून सूनबाईंचा आवाज येत होता, संथ आणि अखंड. राउटरचे दिवे नित्याप्रमाणे मिणमिणत होते.

मग पुतणीने चौकांच्या नोंदीत एक शब्द बदलला. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन यांनी डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना या फेऱ्यांवर एक उपाय शोधला. सेतू एकमेकांना छोटे निरोप धाडतात, आपल्यातील एकाला मूळ मानतात, आणि मुळाकडे जाणारी एक वाट ठेवून बाकीच्या वाटा आपण होऊन मिटवून घेतात. चालू वाट तुटली तर मिटलेली उघडतात. जाळ्याला झाडाचा आकार येतो, आणि झाडाच्या फांद्यांतून गोल फिरता येत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये ही सोय प्रारंभी बंद ठेवलेली असते, कारण चौकाला सहसा एकच दिंडी असते आणि गरज पडत नाही. आमच्या पहिल्या अपघाताचे अर्धे कारण हेच होते. पुतणीने ती चालू केली. काही सेकंदांत एक वाट मिटली आणि पंखा शांत झाला. आम्हांला एकाएकी जुन्या एक्स्चेंजमधील रात्रीची आठवण झाली, खडखडाट थांबला की अशीच शांतता पसरत असे. दुहेरी तारेची तिची मूळ इच्छाही अयोग्य नव्हती. दोन तारांना बॉन्ड नावाच्या व्यवस्थेने एका जुडीत बांधावयाचे, आणि एक चालू, दुसरी राखीव, असे ठरवावयाचे; मग फेरा होत नाही. वेग दुप्पट होईल ही आशा मात्र साध्या राउटरपुढे सोडावी लागते.

घरी असे काही मांडू इच्छिणाऱ्यांसाठी आमच्या अनुभवाचे सार थोडक्यात देतो. जुना संगणक चालेल, परंतु स्मृती कमी नसावी आणि दार तारेचे असावे. कोणता चौक कोणासाठी, कोणत्या गटाचा क्रमांक कोणता, हे कागदावर आखल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. न दिसणाऱ्या तारा कागदावरच दिसतात. नोंद बदलण्यापूर्वी जुनी नोंद उतरवून ठेवावी. वापर नसेल तेव्हा यंत्र बंद ठेवावे, कारण स्विच आभासी असले तरी विजेचे बिल खरे येते. आणि पहिल्या दिवशीच घराचे जाळे व प्रयोगाचे जाळे यांच्यामध्ये भिंत घालावी. आम्ही स्विचकडे जोडणारे यंत्र म्हणूनच आजवर पाहिले. कोणाला कोणापासून दूर ठेवावयाचे, हेही त्याच वहीत लिहावयाचे असते, हे आम्हांला या वयात सूनबाईंच्या एका प्रश्नाने कळले.

गेल्या महिन्यात पुतणी दुसऱ्या एका कंपनीत मुलाखतीस गेली. तिलाही तोच प्रश्न विचारण्यात आला. तिने वहीतून आपली आकृती काढून दाखविली. त्यांनी ती नीट पाहिली आणि विचारले, "यात काय बिघडले होते?" तिने दोन तारांची सारी हकिकत सांगितली, बैठक बुडाली हेही सांगितले. चाळीस मिनिटे ते त्याविषयीच बोलत होते, असे ती म्हणाली. निकाल हा लेख छापखान्यात जाईपर्यंत आलेला नाही. परवा रात्री पाणी पिण्यासाठी आम्ही उठलो, तेव्हा सूनबाई जिन्याखाली पुतणीजवळ बसलेल्या दिसल्या. आपल्या कचेरीच्या कामाला घरातील इतर यंत्रांपासून वेगळा व्हीलॅन देता येईल का, असे त्या विचारीत होत्या. पुतणी वहीत रेघा मारीत होती. घरचा राउटर त्या चिठ्ठ्या ओळखीत नाही, तेव्हा आता एक पत्र्याचा स्विच घ्यावा लागेल, असे तिचे म्हणणे पडले.